हात की मशीन? गाडीच्या पॉलिशबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आमचं डिटेलिंगचं, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करण्याचं, छोटं दुकान आहे. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पॉलिश हाताने करता का मशीनने?" निम्म्या वेळा विचारणारा मशीनला घाबरलेला असतो, कारण मेव्हण्याच्या गाडीचा रंग कुणीतरी जाळून ठेवलेला असतो. उरलेल्या निम्म्या वेळा त्याला वाटतं, हाताने करतात म्हणजे यांच्याकडे मशीन घ्यायला पैसे नसावेत. तीच ती उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. गाडी आणण्याआधी वाचा. वाचून गाडी आणायची गरजच उरली नाही तरी आमची हरकत नाही.

एका ओळीत सांगा ना, हात की मशीन?

अख्ख्या गाडीवर बारीक ओरखड्यांचं जाळं, निस्तेजपणा किंवा पाण्याचे डाग असतील तर मशीन, तेही फिरता फिरता छोटे झोके घेणाऱ्या पॅडचं, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन. एखाद-दुसरा ओरखडा, दाराच्या हँडलमागची वाटी, आरशांचे कोपरे, नंबरप्लेटभोवतालची जागा आणि शेवटचं वॅक्स यासाठी हात. गाडी नवी असेल आणि नीट धुतली जात असेल तर दोन्ही नको. नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर दोन्हींचा उपयोग नाही, पेंटरकडे जा. एका ओळीत बसलं नाही, पण याहून छोटं उत्तर दिलं तर ते खोटं होईल.

पॉलिशने ओरखडा भरून येतो का?

नाही. बहुतेक लोकांचा इथेच गोंधळ होतो.

पत्र्यावर रंगाचे थर असतात. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपण जिला गाडीची चमक म्हणतो ती या क्लिअर कोटची. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे चारही थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) भरतात, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढे. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून काय ते समजा.

पॉलिश करणं म्हणजे या क्लिअर कोटचा वरचा पापुद्रा अगदी बारीक कणांनी घासून काढणं. ओरखड्याच्या दोन्ही अंगांची जमीन ओरखड्याच्या तळाला आणून बसवली की ओरखडा दिसेनासा होतो. चर बुजवायची नाही, अख्खं शेत खाली आणून सपाट करायचं. त्यामुळे प्रत्येक पॉलिश हा खर्च आहे, आणि या खात्यात नवा भरणा कधीच होत नाही.

ओरखडे 'भरणारे' पदार्थही बाजारात आहेत. वॅक्स, ग्लेझ किंवा तेलकट कंपाऊंड चरांमध्ये जाऊन बसतं आणि गाडी चारचौघांत चमकते. दोन-तीन धुण्यांत ते निघून जातं आणि ओरखडे पुन्हा हजर. लग्नाला गाडी न्यायची असेल तर वाईट नाही. फक्त त्याला दुरुस्ती म्हणू नका.

ते गोल गोल ओरखडे येतात कुठून? मी तर गाडी रोज स्वतः पुसतो.

तुम्ही रोज पुसता म्हणूनच येतात.

रात्री अंगणातला दिवा बंद करा आणि मोबाईलची बॅटरी बोनेटपासून हातभर अंतरावर धरा. उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. बॅटरी हलवली की जाळंही तिच्याबरोबर सरकेल. खरं तर ते ओरखडे गोल नसतातच, सगळ्या दिशांना आडवेतिडवे पसरलेले असतात. त्यातले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसतं. यांनाच स्वर्ल म्हणतात.

सकाळी कोरड्या फडक्याने किंवा पिसाऱ्यासारख्या झटकणीने धूळ पुसली, की धुळीतले वाळूचे कण रंगावरून फरफटत जातात. आमच्या भागात आणखी काही खास कारणं आहेत. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीतून उडालेली काळी राख सकाळी गाडीवर बसलेली असते. ती दिसायला मऊ असते, पण तिच्यात बारीक खरही असते. जोतिबाला जाऊन आलेली गाडी गुलालाने गुलाबी झालेली असते. गुलालाचा त्रास कमी, त्यात मिसळलेल्या डोंगरावरच्या धुळीचा जास्त. घरी आल्यावर देवाचा गुलाल म्हणून भक्तिभावाने कोरड्या टॉवेलने पुसला जातो आणि एका दिवसात वर्षाचे ओरखडे पडतात. उसाच्या ट्रॉलीला खेटून ओव्हरटेक केलेल्या गाडीच्या डाव्या अंगावर पाल्याच्या लांबच लांब रेघा असतात. त्या मात्र आम्हाला लगेच ओळखू येतात.

दसऱ्याचं स्वस्तिक वेगळं सांगायला हवं. कुंकू ओलं करून बोनेटवर काढायचं, ते चार दिवस उन्हात वाळू द्यायचं आणि मग नखाने खरवडायचं. दरवर्षी दिवाळीच्या आधी आमच्याकडे अशा पाच-सहा गाड्या येतात, आणि बोनेटवर आरशात पाहिल्यासारखं फिकट स्वस्तिक उमटलेलं असतं. पूजा जरूर करा. दुसऱ्या दिवशी त्यावर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा आणि मग पाण्याने धुऊन टाका.

हे ओरखडे हाताने का निघत नाहीत? जोर लावला तर?

हिशोब करून बघा. माणसाचा हात मिनिटाला फार तर १२० वेळा मागेपुढे होतो, तोही पहिल्या पाच मिनिटांतच. मधल्या वेगावरचं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन मिनिटाला चार हजारांच्या आसपास छोटे गोल झोके घेतं आणि पाच इंची पॅडभर सारखा दाब देतं. मशीनने एका मिनिटात होणाऱ्या कामाला हाताला अर्ध्या तासाहून जास्त लागेल. एका बोनेटवर असे दीड-दोन फुटांचे सहा-आठ चौकोन बसतात. छत, चार दारं, डिकी राहिलीच.

जोर लावणं तर अजिबात नको. जोर लावला की तो बोटांच्या टोकांवर एकवटतो आणि रंगावर चार बोटांचे चार पट्टे उमटतात. कोवळ्या उन्हात तिरकं पाहिलं की ते दिसतात. हाताचं पॉलिश संपूर्ण सुरक्षित, हा समज इथेच मोडतो. हार्डवेअरच्या दुकानात डबीत मिळणारं रबिंग कंपाऊंड चिंधीवर घेऊन एकाच जागी गरगर घासलं, की ओरखडा जातो आणि तिथे तळहाताएवढा धुरकट डाग राहतो. मग तो डाग काढायला माणूस आमच्याकडे येतो, आणि तो आम्ही मशीननेच काढतो.

मग हाताला काही कामच नाही?

भरपूर आहे. मशीनचा पॅड जिथे पोचत नाही तिथे हातच लागतो. दार उघडताना अंगठीने आणि नखांनी हँडलमागच्या वाटीत जे ओरखडे पडतात, ते बोटाला मायक्रोफायबर गुंडाळून बारीक पॉलिशने दहा मिनिटांत निघतात. गाडीच्या धारदार कडांवर रंग मुळात पातळ बसलेला असतो, तिथे मशीनपेक्षा हात बरा. आणि एकट्या ओरखड्यासाठी, समजा मुलाची सायकल घासून गेली असेल तर, अख्खा पॅनेल मशीनने घासणं म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणं.

वॅक्स तर मी आजही हातानेच लावतो. त्यात काही घासायचं नसतं, पातळ थर पसरायचा असतो. मशीनने वेळ वाचतो, पण मला ते आवडत नाही. यामागे काही शास्त्र नाही.

रोटरी आणि ड्युअल अ‍ॅक्शन यांत काय फरक?

रोटरीचा पॅड एकाच अक्षावर गरगर फिरतो. वेल्डिंगच्या दुकानातल्या अँगल ग्राइंडरचा हा शांत स्वभावाचा चुलतभाऊ. ताकद मोठी, काम झपाट्याने होतं, पण सगळी उष्णता एका जागी साठते. नवख्याच्या हातात गेला की उन्हात गाडीवर लाटांसारख्या छटा दिसतात. त्यांना होलोग्राम म्हणतात, आणि गाडी काळी असेल तर मालकाचं तोंडही तसंच होतं.

ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये पॅड स्वतःभोवती फिरता फिरता एका छोट्या वर्तुळात झोकेही घेतो. त्या झोक्याची रुंदी मशीनवर मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. ८ मिमी ही छोटी, १५ आणि २१ मिमी मोठी. रूपेस या इटालियन कंपनीच्या १५ आणि २१ च्या मशीनांमुळे मोठ्या झोक्याची मशीन सगळीकडे गाजली. सपाट बोनेट आणि छतावर २१ मस्त चालतं. हल्लीच्या गाड्यांच्या दारांवर वळणंच इतकी असतात, की तिथे १५ किंवा त्याहून छोटं बरं. बहुतेक ड्युअल अ‍ॅक्शनची गंमत अशी, की जोर जास्त दिला किंवा कडेवर तिरकं धरलं तर पॅडचं फिरणं थांबतं आणि नुसता झोका उरतो. त्यामुळे नुकसान करायला बराच वेळ लागतो.

एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे, म्हणून सांगतो. चार इंची अँगल ग्राइंडरलाच बफ जोडून काही ठिकाणी गाड्या 'पॉलिश' करतात. ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. पॉलिशिंगची रोटरी ६०० ते ३,००० च्या पट्ट्यात चालते, आणि आम्ही बहुतेक वेळा १,२०० ते १,५०० वर काम करतो. ग्राइंडरला लोकरीचा बफ दिसला तर चावी परत मागून घ्या. कारण सांगायला थांबू नका.

मशीनने रंग जळतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. मी स्वतः जाळला आहे.

शिकत होतो तेव्हाची गोष्ट. मामांची लाल गाडी, हातात रोटरी, तिला लोकरीचा पॅड. बोनेटच्या मधोमध एक उठावदार रेघ होती, ती मी टेपने झाकली नव्हती. कंपाऊंड वाळत आलं होतं, पण "एवढा हात मारून घेतो" म्हणून थांबलो नाही. आधी वास आला, तापलेल्या प्लास्टिकसारखा. पॅड उचलला तर त्या रेघेवर दोन इंच लांबीचा राखाडी पट्टा. क्लिअर गेला, लाल गेला, प्रायमर डोळे वटारून बघत होता. मामा शांत माणूस. म्हणाले, "चमकवायला दिली होती रे, सोलायला नव्हे." बोनेट पुन्हा रंगवावा लागला. ती गाडी अजून आहे. बोनेटचा लाल बाकीच्या लालापेक्षा किंचित गडद आहे. मामांना आणि मला सोडून कुणाला दिसत नाही.

त्या दिवशी तीन चुका एकदम झाल्या. कडेवर रंग पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच येतो. वाळलेलं कंपाऊंड घासण्याऐवजी नुसतं तापवतं. आणि फिरता पॅड एका जागी रेंगाळला. म्हणून आता नियम असा: उठावदार रेघा, दारांच्या कडा, रबर आणि काळं प्लास्टिक आधी मास्किंग टेपने झाकायचं. मधूनमधून तळहात पत्र्यावर टेकवायचा. हात ठेववत नसेल तर मशीन खाली ठेवून चहा घ्यायचा.

बंपर प्लास्टिकचा असतो. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती साठवतं. बंपरवर रंग लवकर जळतो, त्यामुळे तिथे छोटा पॅड, कमी वेग किंवा सरळ हात.

एका पॉलिशमध्ये किती रंग जातो? आयुष्यात किती वेळा करता येतं?

मऊ फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश असेल तर ड्युअल अ‍ॅक्शनने साधारण १ ते ३ मायक्रॉन. कडक पॅड आणि जास्त घासणारं कटिंग कंपाऊंड असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज जातो, आणि पॉलिश पेपर मारला असेल तर विचारूच नका. क्लिअर कोटमध्ये उन्हापासून राखणारे घटक असतात. तो फार पातळ झाला की काही वर्षांनी छतावर आणि बोनेटवर पांढरे पोपडे धरतात. पोपडे धरलेल्या क्लिअरवर जगातलं कुठलंही पॉलिश चालत नाही, पॅनेल रंगवावाच लागतो.

म्हणून अंदाजाने नाही, मोजून काम करायचं. मुठीत मावणारं मोजणी यंत्र मिळतं. पत्र्याला टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतं. साधी यंत्रं लोखंडी पत्र्यावरच चालतात, अ‍ॅल्युमिनियमच्या बोनेटसाठी दोन्ही वाचणारं घ्यावं लागतं, प्लास्टिकवर ती काहीच दाखवत नाहीत. हे यंत्र एकूण जाडी सांगतं, एकट्या क्लिअरची नाही. तरीही सगळीकडे ११० आणि एका दारावर ८५ दिसलं, की तिथे आधी कुणीतरी हात साफ करून गेलंय हे कळतं. तिथे आम्ही मशीन जपून फिरवतो आणि थोडे ओरखडे राहू देतो.

जुनी गाडी विकत घेताना हे यंत्र सोन्यासारखं आहे. २५०-३०० दिसलं तर पॅनेल पुन्हा रंगवलेला. ८०० किंवा हजार दिसलं तर खाली पुट्टी भरलेली आहे. "एकाच हातची, डॉक्टरांची गाडी" हे वाक्य नंतर ऐका.

सांभाळून वापरलेल्या गाडीला चार-पाच वर्षांतून एकदा ओरखडे काढण्याचं पॉलिश पुरेसं होतं. दर सर्व्हिसिंगला 'रबिंग-पॉलिश' करून घेणारे लोक स्वतःच्या पैशाने रंग पातळ करत असतात.

पांढऱ्या गाडीला पॉलिशची गरज असते का?

ओरखडे असतात, दिसत नाहीत. पांढऱ्यावर पिवळसरपणा, डांबराचे ठिपके आणि लोखंडी धूळ यांचा त्रास जास्त. धुणं आणि क्ले (रंगात रुतलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी) यांनीच निम्मी गाडी उजळते. काळ्या गाडीवाल्यांना मात्र आधीच सांगतो: काळा रंग घेतला म्हणजे एक पाळीव प्राणी घेतला.

गाडी एमआयडीसीत उभी असते. हात फिरवला की खरखरीत लागते. पॉलिश करू?

आधी पॉलिश नको. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे गरम बारीक कण येऊन रंगात रुततात. पांढऱ्या गाडीवर ते तांबूस ठिपक्यांसारखे दिसतात. रुळांजवळ पार्किंग असलेल्यांचीही हीच तक्रार.

ओळखायचा सोपा उपाय: गाडी धुतल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बोनेटवरून बोटं फिरवा. पिशवीमुळे स्पर्श तीव्र होतो, रव्यासारखं लागेल. अशा रंगावर मशीन फिरवलं तर हेच कण पॅडमध्ये अडकून नवे ओरखडे पाडतात. आधी आयर्न रिमूव्हर फवारतात. लोखंड जिथे असेल तिथे ते जांभळं होऊन ओघळतं. वास सडक्या अंड्यासारखा येतो, तेव्हा हे काम स्वयंपाकघराच्या खिडकीखाली करू नका. धुऊन टाकल्यावर भरपूर साबणपाणी घालून क्ले हलक्या हाताने फिरवायची. क्ले जमिनीवर पडली तर ती फेकून द्यायची. महाग आहे म्हणून उचलून, झटकून वापरणारे मी पाहिलेत, आणि त्यांच्या गाड्याही.

बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग हाताने जातील का?

ताजे असतील तर जातील. पाणी आटतं आणि त्यातले क्षार मागे राहतात. तापलेल्या बोनेटवर ते लवकर चिकटतात. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून फडक्याने अर्धा मिनिट लावा आणि लगेच धुवा. डाग तरीही राहिला आणि बोटाला किंचित खोलगट लागला, तर क्षाराने क्लिअर खाल्लेला आहे, तिथे मशीनच हवं. पक्ष्यांची विष्ठाही अशीच, उन्हात काही तासांत खूण पाडते. दिसली की पाणी ओता, संध्याकाळची वाट बघू नका.

जुनी गाडी आहे. पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागतो. काही बिघडलं का?

बहुधा नाही. जुन्या काळच्या गाड्यांना वेगळा क्लिअर कोट नसायचा, वरचा थरच रंगीत. प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर अशा गाड्यांवर हेच दिसतं. मुंबईच्या टॅक्सीतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद झाली, पण हौसेने जपलेल्या पद्मिनी अजून आमच्याकडे येतात. त्यांचा उडालेला रंग पॉलिशने असा काही फुलतो की बघत राहावं. मात्र इथे मी मशीनच्या आधी हात वापरतो. पन्नास वर्षांत किती जणांनी किती घासलंय कोण जाणे, आणि कडांवर पत्रा कधी डोकावेल सांगता येत नाही. हाताला अंदाज येतो.

क्लिअर कोट असलेल्या नव्या गाडीवर रंग फडक्याला लागत असेल तर मात्र तिथल्या तिथे थांबा. क्लिअर संपलेला आहे.

घरी हाताने करायचं ठरवलं. नीट पद्धत सांगा.

सावली हवी आणि पत्रा गार हवा. आदल्या दिवशी गाडी धुऊन, क्ले करून ठेवा. सामान थोडकं आहे: फोमचे चार-पाच अ‍ॅप्लिकेटर, चांगले जाड मायक्रोफायबर टॉवेल, मास्किंग टेप आणि बारीक पॉलिश. कटिंग कंपाऊंड पहिल्या खेपेला घेऊच नका.

आधी एकच जागा धरा, दीड फूट लांब, दीड फूट रुंद, चारी बाजूंनी टेप लावून. अ‍ॅप्लिकेटरवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. गरगर फिरवू नका. आधी आडव्या, मग उभ्या सरळ ओळी मारा, भिंतीला रंग देतो तशा. दाब पोळी लाटताना देतो तेवढा. दोन-तीन मिनिटांत पॉलिश पातळ, जवळजवळ पारदर्शक होतं, तेव्हा थांबून टॉवेलने पुसा. आता त्या जागेवर पाण्यात मिसळलेला आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुसा, म्हणजे तेलकटपणा जाऊन खरं काय ते दिसेल. बॅटरी धरा. टेप काढून आतली आणि बाहेरची जागा शेजारी शेजारी बघा.

तीस-चाळीस टक्के फरक दिसला तर हाताच्या मानाने ते उत्तम आहे, पुढे चला. काहीच फरक नसेल तर तुमचा क्लिअर कडक आहे आणि घाम गाळून उपयोग नाही. दर पॅनेलला अ‍ॅप्लिकेटर बदला. हॅचबॅकला अख्खा रविवार जाईल. सोमवारी खांदा सांगेल की मशीन का शोधलं.

मग मशीन विकत घेऊ का?

घरात दोन-तीन गाड्या असतील आणि हाताला कामाची आवड असेल तर घ्या, पण ड्युअल अ‍ॅक्शनच. स्वस्त आहे म्हणून रोटरी नको. पैसे मशीनपेक्षा पॅडवर जास्त जातात, कारण एका गाडीला पाच-सहा लागतात आणि मळलेल्या पॅडने काम करणं म्हणजे चिखलाच्या पोचाऱ्याने फरशी पुसणं. पॅडच्या रंगावर जाऊ नका. एका कंपनीचा पिवळा मऊ, दुसरीचा पिवळा कडक.

पहिला प्रयोग भंगारवाल्याकडून आणलेल्या जुन्या दारावर करा. वायर खांद्यावरून पाठीकडे घ्या, गळ्यात मफलर-ओढणी नको, बेल्टच्या बकलला कापड गुंडाळा. मशीन पॅनेलवर टेकवल्यावरच चालू करायचं, उचलण्याआधी बंद करायचं. नाहीतर कंपाऊंड भिंतीपर्यंत उडतं. आमच्या भिंतीवर अजून आहे.

टूथपेस्ट, रॉकेल, खोबरेल तेल?

टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, पण ते दातांसाठी. एखादा ओरखडा फिका होतो आणि भोवताल धूसर होतो. रॉकेल किंवा डिझेलच्या पाण्याने गाडी पुसायची जुन्या ड्रायव्हर मंडळींची सवय होती. तेलाने ओरखडे लपतात, संध्याकाळी त्यावरच धूळ चिकटते. खोबरेल डोक्याला लावा.

सिरॅमिक कोटिंग करायचंय. पॉलिश आधी हवंच का?

हवं. कोटिंग म्हणजे रंगावर चढवलेला पारदर्शक थर, खालचे ओरखडे त्यात कायमचे बंद होतात. शोरूममधून आलेल्या नव्या गाडीलाही बहुतेक वेळा एक हलका हात मारावा लागतो, कारण डिलिव्हरीच्या आधी ती कुणीतरी घाईत पुसलेली असते. आणि '९एच' ऐकून हुरळू नका. ते पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे. किल्लीने ओढलेली रेघ कोटिंगवरही पडते. नंतर कधी मशीन फिरवलं तर कोटिंगही घासून जातं.

मॅट रंगाच्या गाडीला यातलं काहीच नको. पॉलिश केलं की तेवढी जागा चकाकते आणि पुन्हा मॅट होत नाही. नुकताच रंगवलेला पॅनेल असेल तर महिनाभर तरी वॅक्स किंवा कोटिंग लावू नका, रंग आतून सुकत असतो.

वॉशिंग सेंटरवाला तासाभरात मशीन पॉलिश करून देतो. तुम्हाला दोन दिवस का लागतात?

तासाभरात मशीन अख्ख्या गाडीवरून फिरतं, पॉलिश होत नाही. हॅचबॅकला ड्युअल अ‍ॅक्शनने एका टप्प्याचं काम करायचं तरी धुणं-क्ले धरून दिवस जातो. आधी कटिंग आणि मग फिनिशिंग असे दोन टप्पे असतील तर दीड-दोन दिवस.

काम कुठेही द्या, पण देताना विचारा: मशीन कुठलं? जाडी मोजणार का? आधी एका चौकोनावर करून दाखवणार का? गाडी घेताना शेडच्या ट्यूबलाइटखाली घेऊ नका. उन्हात काढायला सांगा, अल्कोहोलने एक पॅनेल पुसून घ्या आणि तिरकं बघा. चांगला कारागीर या मागणीने चिडत नाही, उलट टॉवेल स्वतः हातात देतो.

सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसणारा मुलगा आहे. त्याला काय सांगू?

त्याला बोलू नका, त्याला सामान द्या. एकाच बादलीत, एकाच फडक्याने तो पंधरा गाड्या पुसतो. आधीच्या गाडीची वाळू तुमच्या गाडीवर येते, त्यात त्याचा दोष नाही. तुमच्या गाडीसाठी दोन मायक्रोफायबर आणि एक छोटी बादली वेगळी ठेवा. फक्त काचा रोज पुसायला सांगा. रंगाला आठवड्यातून एकदाच हात लावायचा, तोही आधी पाणी ओतून धूळ वाहून गेल्यावर. पैसे तेवढेच द्या, नाहीतर चौथ्या दिवशी कोरडं फडकं परत सुरू होईल.